एकच घोट!

दारूविषयी बोलण्याचा अधिकार आपल्या समाजाने दोघांनाच दिला आहे. ज्याने ती सोडली त्याला, आणि ज्याने ती कधी घेतलीच नाही त्याला. पहिल्याचे ते अनुभवकथन ठरते, दुसऱ्याचे कीर्तन. तिसरा कोणी बोलू लागला की लोक आधी त्याच्या तोंडाचा वास घेतात! प्रस्तुत लेखक हा तिसरा आहे. त्यातून तो हायस्कूलचा मुख्याध्यापक. म्हणजे गावाच्या दृष्टीने त्याने या विषयावर फक्त २ ऑक्टोबरला, तेही फळ्याशेजारी उभे राहून बोलावे.

तरीही हा लेख लिहितो आहे, आणि तो का, हे आधी सांगितले पाहिजे. गेल्या वर्षी पुतण्याच्या लग्नासाठी नाशिकला गेलो होतो. तिथे माझा एक जुना विद्यार्थी वाईनच्या कारखान्यात कामाला आहे. कोहिनूरच्या पंचक्रोशीतलाच, शेतकऱ्याचा पोरगा. ‘सर, एकदा बघून तरी जा’ म्हणाला; गेलो. बातमी माझ्या आधी गावात पोहोचली. परतल्यावर आठवड्याभरातच आमच्या नववीतल्या एका मुलाची आई शाळेत आली. दाखल्याचे काम होते. ते झाले तरी बाई उठेनात. शेवटी पदर सावरीत म्हणाल्या, “सर, तुमीबी?”

त्या दोन शब्दांनी मला पार आडवे केले. बाईंचा नवरा २०२१ साली दारूने गेला. शेत गेले, म्हैस गेली, आणि शेवटी माणूस गेला. त्यांना मी ‘आस्वाद’, ‘अभिरुची’ असले शब्द ऐकवणार होतो काय? मी काहीतरी पुटपुटलो. पण प्रश्न मनातून जाईना. या लेखात मी त्यांनाच उत्तर देतो आहे. वाचकहो, तुम्ही ते कानावर घ्या आणि चुकत असेन तर दिवाळीनंतर कान धरा.

प्रथम मी काय पाहिले ते सांगतो. माझ्या विद्यार्थ्याच्या कारखान्यात बुडबुड्यांची वाईन होते. आपण सरसकट हिला ‘शॅम्पेन’ म्हणतो; ते चूक. शॅम्पेन हे फ्रान्समधल्या एका प्रदेशाचे नाव आहे आणि तिथल्या वाईनलाच ते लावता येते. पैठणी कुठेही विणली तरी पैठणी म्हणावी काय, हा प्रश्न आपल्याला समजतो; मग त्यांचाही समजावा. पद्धत मात्र तीच. द्राक्षे कच्चट असतानाच, आंबटपणा शाबूत असताना तोडतात. आपण खायच्या द्राक्षात गोडी मोजतो. इथे गोडीइतकाच, किंबहुना जास्तच, आंबटपणा राखतात. त्या रसाची आधी साधी वाईन करायची. मग ती बाटलीत भरताना थोडी साखर आणि यीस्ट, म्हणजे किण्व, घालून तोंड बंद करायचे. आता बंद बाटलीत पुन्हा आंबवण होते. वायूला बाहेर पडायला वाट नसते, तो वाईनमध्येच मुरतो. दाब वाढत वाढत हवेच्या दाबाच्या पाच-सहा पट होतो. मोटारीच्या चाकातल्या हवेहून दुपटी-तिपटीने अधिक. म्हणून बाटलीची काच जाड, बूच मोठे आणि त्यावर तारेची जाळी.

साखर संपली की किण्व मरते आणि तळाला बसते. इथे माझ्यासारख्या अडाण्याला वाटले, की आता गाळून टाकतील. छे! तो गाळ तसाच ठेवून बाटल्या अंधारात आडव्या निजवतात. महिनोन् महिने, चांगल्या वाईनसाठी वर्षानुवर्षे. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रदेशात नियमच आहे: साधी असेल तर किमान पंधरा महिने, आणि एका विशिष्ट सालाच्या द्राक्षांची असेल तर किमान तीन वर्षे. मेलेले किण्व हळूहळू विरघळत जाते आणि वाईनला भाजक्या पावाचा, बदामाचा वास देते. मग बाटल्या घोडीवर उलट्या लावून रोज थोड्या थोड्या फिरवतात; गाळ मानेत उतरतो. मान गोठवतात, बूच काढतात, आतल्या दाबाने गाळाचा गोठलेला खडा बाहेर उडतो. जेवढी वाईन सांडली तेवढी भर घालतात आणि पक्के बूच लावतात. या शेवटच्या भरीत साखर किती घालायची, यावर वाईनची जात ठरते. लिटरमागे बारा ग्रॅमच्या आत साखर राहिली तर तिला ‘ब्रूट’ म्हणतात. इंग्रजीत ‘ड्राय’, म्हणजे कोरडी. ओल्या वस्तूला कोरडी म्हणणे आपल्या कानाला विचित्र लागते. मोल्सवर्थच्या काळापासून मराठीत ‘अगोड’ हा शब्द पडून आहे. तो उचलावा, पुसावा आणि वापरावा.

आणि ‘व्हिंटेज’ म्हणजे काय? जुनी मोटार नव्हे. एकाच सालाच्या तोडणीची वाईन. बहुतेक बुडबुड्यांच्या वाइनी अनेक सालांच्या मिश्रणाने करतात, म्हणजे चव दर वर्षी सारखी राहते. पण एखाद्या साली द्राक्ष असे येते, की त्या सालाला मिसळू नये, त्याची साक्ष त्यालाच देऊ द्यावी, असे करणाऱ्याला वाटते. तेव्हा बाटलीवर साल छापतात. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. आमच्याकडे म्हातारी माणसे तुरीची, करडईची वर्षे तोंडपाठ सांगतात. बहात्तरचा दुष्काळ अजून बोलण्यात येतो. आपण साल मनात ठेवतो, हे लोक बाटलीत ठेवतात, एवढाच फरक.

माझ्यापुढे आलेल्या बाटलीवर साल होते २०२०. म्हणजे त्या वर्षाच्या सुरुवातीला, टाळेबंदीच्या आधी तोडलेली द्राक्षे. ते चार आकडे पाहून मी थबकलो. द्राक्षे मोकळ्या हवेत तोडली, आणि ती बाटलीत बंद होईस्तोवर आपण सारे घरात बंद झालो! ती बाटली अंधारात निजली होती तेव्हा माझ्या शाळेला कुलूप होते. आमची दहावीची परीक्षा लांबत लांबत जूनच्या अखेरीस, तोंडाला फडके बांधून झाली. पण ४ मे २०२० ला कर्नाटकात काय उघडले, आठवते ना? दारूची दुकाने. शाळेच्या फाटकावर गंज चढत होता आणि दुकानापुढे सकाळपासून रांग होती. त्या रांगेत आमच्या नववीतल्या मुलाचा बापही उभा होता. रांगेतल्या एकालाही चवीशी कर्तव्य नव्हते. सरकारला महसूल हवा होता, माणसांना विसर हवा होता.

माझ्या विद्यार्थ्याने बाटली उघडली. लग्नात उडवतात तशी ‘फट्’ करून नव्हे. बुचावर फडके धरले, बूच स्थिर ठेवून बाटली फिरवली, आणि एक बारीक सुस्कारा ऐकू आला. म्हणाला, “सर, आवाज मोठा तेवढे काम वाया.” पेला उंच, पोट जरा फुगीर, तोंड निमुळते. रुंद पसरट पेल्यातून बुडबुडे नि वास दोन्ही पळून जातात. वाईन थंड होती, पण बर्फासारखी नव्हे. फार गार केली की जीभ बधिर होते आणि चांगले-वाईट कळत नाही. शेजारी मेजावर एक पिकदाणी ठेवलेली. मी चकित! दख्खनच्या माणसाला पिकदाणी ओळखीची, पण ही पानाची नव्हती. वाईन तोंडात घोळवायची, चव घ्यायची आणि थुंकायची. पारखी माणसे दिवसाला कितीतरी वाइनी चाखतात त्या अशाच. गिळत बसले तर तिसऱ्या पेल्यानंतर पारखच संपेल.

आधी पाहिले. रंग फिकट, वाळलेल्या गवताचा. तळातून दाण्यासारखे बारीक बुडबुडे दोऱ्यात ओवल्यासारखे वर येत होते. मग वास घेतला. लिंबाची साल, कच्चे सफरचंद, आणि मागाहून घरचाच एक वास: तव्यावरून नुकत्या उतरलेल्या भाकरीचा पापुद्रा सोलताना येतो तो. खरपूस. मग घोट. सर्वात आधी आंबटपणा, कैरीच्या फोडीसारखा, दातांच्या मुळाशी जाणारा. बुडबुडे जिभेवर फुटले, पण सोड्यासारखे टोचले नाहीत. गोडी कुठेच नाही. तरी फळ आहे. मग मध्येच बदामाची चाहूल, आणि शेवटी किंचित तुरट, कडसर अशी एक रेघ, जी गिळल्यानंतरही बराच वेळ पुसली गेली नाही. होय, पहिला घोट मी गिळला. दुसरा पिकदाणीत टाकला. तिसरा घेतला नाही. तीन-चार चमचे वाईनीवर मी पाऊण तास बसलो होतो. एवढ्या वेळात आमच्याकडे क्वार्टर संपून भांडणही सुरू होते!

परतीच्या गाडीत विचार करीत होतो, की या पाऊण तासाचे मराठीत काय वर्णन आहे? मी एम.ए.ला मराठी साहित्य घेतलेला माणूस. मनातले कपाट उघडले. दारूचे दोनच कप्पे सापडले. एकात गडकरी. ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले, आणि सुधाकर-सिंधूने महाराष्ट्राला रडवले. तळीराम तर नाटकातून उठून शब्दकोशात जाऊन बसला. दुसऱ्या कप्प्यात माधव ज्यूलियन. फारसीचे प्राध्यापक, भाषाशुद्धीचे कट्टर कैवारी, आणि तरीही उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणणारे. त्यांच्या एका पुस्तकाचे नावच ‘द्राक्षकन्या’. गडकऱ्यांच्या प्याल्यात विष आहे. ज्यूलियनांच्या प्याल्यात प्रेम आहे, क्षणभंगुरता आहे, तत्त्वज्ञान आहे. दोन्ही थोर. पण वाचकहो, एक प्रश्न विचारतो: त्या दोन्ही प्याल्यांत जे होते त्याची चव कशी होती? आंबट? तुरट? गार की कोमट? कोणीच सांगत नाही. आमच्या साहित्यात दारू शाप झाली, प्रतीक झाली; ती पदार्थ कधी झालीच नाही.

ज्याने रस ही कल्पना जगाला दिली त्या देशाची ही गत. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात नाटकाचा रस समजावताना दाखला कशाचा दिला? जेवणाचा. नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न खाताना जाणता माणूस जसा आस्वाद घेतो, तसा प्रेक्षक भावांचा घेतो. म्हणजे जीभ ही पहिली रसिक. नाटकाची पाटी नंतर आली. आम्ही साहित्याचा रसास्वाद परीक्षेला दहा गुणांना लावला आणि जिभेचा सोडून दिला.

याचा परिणाम मी वर्गात रोज पाहतो. एके दिवशी नववीच्या मुलांना चिंच, आवळा, गूळ, मेथीचे पान आणि भिजवलेली सुपारी असे पाच पदार्थ चाखायला दिले. चव लिहा म्हटले. चाळीस कागदांपैकी बहुतेकांवर तीनच शब्द: ‘छान’, ‘बेकार’ आणि ‘टेस्टी’. अरे, तुमच्या आज्या काय काय बोलत होत्या! आंबूस, आंबटढाण, आंबटगोड, गोडसर, गोडमिट्ट, तिखटजाळ, कडूजहर, कडसर, अळणी, सपक, पचपचीत, मिळमिळीत, मचूळ, खमंग, खरपूस, करपट, खवट, कुबट, उग्र. हे शब्द म्हणजे हजार वर्षांच्या स्वयंपाकघराने जमवलेली पुंजी आहे, आणि ती एका ‘टेस्टी’च्या बदल्यात आपण विकतो आहोत.

आणि आपण तर दोन भाषांच्या उंबऱ्यावरची माणसे. आपल्याकडे पुंजी दुप्पट हवी. सुपारीचा शब्द एकाही मुलाला मराठीत आठवेना. मागच्या बाकावरची कन्नड घरातली एक मुलगी म्हणाली, ‘ओगरु’. शाब्बास! तेच आपले तुरट, संस्कृतातले कषाय. युगादीला शेजारी आपल्या हातावर बेवु-बेल्ल ठेवतात, आपण पाडव्याला कडुनिंब-गूळ वाटतो. वर्षाचा पहिला घास कडू-गोड एकत्र, हा चवीचा संस्कार नाही तर काय? सीमेवर भाषेची भांडणे पुष्कळ झाली. पाट्यांवरून झाली, शाळांवरून झाली. मी त्यातली खरी दुःखे नाकारत नाही. पण पाटीवर मराठी हवी म्हणून लढणाऱ्याच्या जिभेवर मराठी किती उरली आहे, हेही कोणीतरी विचारले पाहिजे.

कोणी म्हणेल, हेडमास्तर, हे नाशिकचे, फ्रान्सचे वारे आमच्या बिदर जिल्ह्यात कशाला? पाहुणे आमच्या गावाचे नाव ऐकले की हिऱ्याची चौकशी करतात. हिरा आमच्याकडे नाही. पण आमच्या तालुक्याच्या गावाकडे, बसवकल्याणकडे पाहा. ही चालुक्यांची कल्याणी. इथल्या तिसऱ्या सोमेश्वराने इ.स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा शंभर अध्यायांचा ग्रंथ रचला. त्यात राज्यकारभार आहे, रत्नपरीक्षा आहे, संगीत आहे, जुन्या मराठीच्या ओळीही सापडतात. आणि त्यात अन्नाचा भोग आहे, पाण्याचा भोग आहे, एवढेच नव्हे तर मदिरापानाच्या क्रीडेवरही प्रकरण आहे. राजाने रत्न पारखावे तसे पेयही पारखावे, यात त्याला काही वावगे वाटले नाही.

आणि त्याच कल्याणीत, त्याच शतकात, बसवण्णांच्या शरणांमध्ये एक होता हेंडद मारय्या. हेंड म्हणजे शिंदी-ताडी. धंदा ताडी विकण्याचा, आणि वचने लोकांना सावध करणारी. एका गावात, एका शतकात एक राजा मदिरेची चव लिहितो आणि एक ताडीवाला तिचा धोका सांगतो. मला दोघेही माझे वाटतात. राजाजवळ चव होती, पण गरिबाच्या घरात तिने काय केले ते त्याने पाहिले नसावे. मारय्याने ते गिऱ्हाईकाच्या डोळ्यांत पाहिले. आपण दुर्दैवाने दोघांनाही विसरलो. मग आला निजामाचा काळ. शिंदीच्या झाडाझाडावर आबकारी बसली, आणि दारू हा चवीचाही विषय राहिला नाही, नीतीचाही नाही. तो खजिन्याचा विषय झाला. म्हणूनच हैदराबाद मुक्तिसंग्रामात शिंदीची झाडे तोडणे हा लढ्याचा कार्यक्रम झाला. तेव्हापासून राज्ये बदलली, १९५६ साली आपण कर्नाटकात आलो, पण खजिन्याची तहान काही भागली नाही.

आता भांडणाला येतो. माझे भांडण तिघांशी आहे.

पहिले, ‘वाईन म्हणजे दारू नव्हेच’ म्हणणाऱ्यांशी. २७ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू द्यायचे ठरवले, तेव्हा हे वाक्य फार गाजले. विरोध एवढा झाला की लोकांच्या हरकती मागवाव्या लागल्या. मी गणिताचा मास्तर नव्हे, पण एवढे गणित मला येते. सव्वाशे मिलिलिटरच्या पेल्यात बारा टक्के मद्यार्क म्हणजे पंधरा मिलिलिटर. व्हिस्कीच्या तीस मिलिलिटरच्या पेगमध्ये तो तेरालाही जेमतेम पोहोचत नाही. मग दारू कुठली आणि सरबत कुठले? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत सरळ सांगितले, की मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही. तेव्हा हृदयाला चांगली, पचनाला चांगली ही जाहिरातबाजी बंद करा. वाईन ही दारू आहे. उत्तम केलेली दारू आहे. दोन्ही शब्द एका वाक्यात बसतात. बसवायचे धैर्य हवे.

दुसरे भांडण ‘नावच काढू नका’ म्हणणाऱ्यांशी. या मंडळींच्या कपाटात द्राक्षासवाची बाटली असते. बाटली फिरवून बारीक अक्षरे वाचा: त्यातही आंबवणीतून आपोआप तयार झालेला मद्यार्क असतो. तो औषध म्हणून चमच्याने घेता, माझी तक्रार नाही. पण मग द्राक्ष आंबले की भ्रष्ट होते असे तरी म्हणू नका. चरक-सुश्रुतांनी मद्याचे गुणदोष मोकळेपणाने लिहिले. कौटिल्याने द्राक्षाच्या मद्याची कापिशायन, हारहूरक अशी गावावरून पडलेली नावे नोंदवली. म्हणजे मद्य कोणत्या मातीतले, हे आपल्याकडेही विचारले जात होते! न बोलल्याने काय साधले? १ जुलै २००७ पासून कर्नाटकात सारायबंदी झाली. पुडी गेली, क्वार्टर आली. मुले दारूविषयी शाळेत काही ऐकत नाहीत, घरात काही ऐकत नाहीत; ऐकतात ते थेट पुलाखाली बसलेल्या मित्रांकडून.

तिसरे भांडण सर्वात कडवट आहे, कारण हे लोक स्वतःला रसिक समजतात. वाढदिवसाला, निवडणुकीच्या गुलालात, बाटली हलवून हलवून एकमेकांवर फवारणारे. ही खोड मोटार-शर्यतीतून आली; १९६७ साली फ्रान्समध्ये ल मान्सची शर्यत जिंकलेल्या डॅन गर्नी या अमेरिकन चालकाने प्रथम असा फवारा उडवला. त्याचा तो उत्स्फूर्त आनंद होता. आपली ती नक्कल. तीन वर्षे अंधारात मुरलेली, हजार हातांतून गेलेली वस्तू तीन सेकंदांत सतरंजीवर! दिवाळीत फटाके आहेत ना? ते उडवा. एका बाटलीच्या किमतीत आमच्याकडच्या शेतमजूर बाईचे कित्येक दिवस भांगलण होते. जो अन्न सांडतो त्याला आपण उद्दाम म्हणतो. जो हे सांडतो त्याला मात्र ‘शौकीन’.

या तिन्ही पक्षांच्या गोंगाटात शेतकऱ्याचा आवाज कोणाला येतो? आपल्या मुलखाचे द्राक्षाचे कर्तृत्व लहान नाही. सोलापूरजवळच्या नान्नजला ‘सोनाका’ हे वाण निघाले, तासगावकडे ‘तास-ए-गणेश’. विद्यापीठाने नव्हे, शेतकऱ्यांनी वेलीवर नजर ठेवून निवडलेली वाणे ही. नजर ठेवणे म्हणजेच आस्वाद. आणि बुडबुड्यांची वाईन म्हणाल तर तीही पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात १९८० च्या दशकातच झाली. शामराव चौगुले यांनी फ्रान्सच्या पायपर-हाइडसिक घराण्याच्या तंत्रसाहाय्याने ती केली आणि परदेशी धाडली. नाव ठेवले ‘ओमर खय्याम’. ज्यूलियनांचा खय्याम जुन्नर तालुक्यात बाटलीत उतरला! विलायतेच्या मेजावर ती पोहोचली. आमच्या घरी तिची वार्ताही नव्हती. २००८ नंतर कर्जाच्या ओझ्याने ती कंपनी कोसळली. २००१ साली महाराष्ट्राने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आणले, २००७ साली कर्नाटकानेही आणले. नाशिकला अनेक कारखाने उभे राहिले, २०१३ पासून शॅम्पेनवाल्या फ्रेंचांचीही बुडबुड्यांची वाईन तिथे होऊ लागली. विजापूरकडेही द्राक्षाचे मळे पसरले आहेत.

पण एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी करणारा, ढग पाहून रात्र रात्र न झोपणारा शेतकरी यात कुठे आहे? तो द्राक्ष मोजून देतो आणि फाटकातून परत जातो. त्याच्या द्राक्षाचे पुढे काय झाले, त्याला ठाऊक नाही. आमच्या गुऱ्हाळावरचा गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून गुळाचे भविष्य सांगतो, कारण गूळ कसा लागावा हे त्याच्या जिभेला ठाऊक असते. द्राक्षवाल्याची जीभ मात्र कंपनीच्या साहेबाकडे गहाण. ज्याला मालाची चव ठाऊक नाही तो भाव काय भांडणार? साहेब म्हणेल ‘अ‍ॅसिड कमी आहे’, तो मान डोलावणार. मी त्याला पिण्याचा आग्रह करत नाही. पिकदाणी आहे ना! पण चाखण्याचा, आणि ‘आंबटपणा माझ्या द्राक्षात पुरता आहे’ असे मराठीत किंवा कन्नडमध्ये ठणकावून सांगण्याचा त्याचा अधिकार आहे. बाटलीवर मागच्या बाजूला इंग्रजीत काय काय लिहिलेले असते; त्यातली एक ओळ तरी ज्याच्या मातीतून ती आली त्याच्या भाषेत असू नये?

आता त्या माउलीकडे वळतो.

बाई, तुमचा राग खरा आहे. तुमच्या घरी जे झाले त्याला कुठलीही अभिरुची उत्तर देऊ शकत नाही, आणि ज्याला एकावर थांबता येत नाही त्याने पहिल्यालाच हात लावू नये, हे मी वर्गात सांगतो आणि इथेही लिहून देतो. चव शिकवल्याने व्यसन सुटते, असला खोटा दावा मी करणार नाही. पण एक आठवून पाहा. तुमचा नवरा कशी प्यायचा? नाक दाबून, एका दमात, वरून चिमूटभर मीठ. त्याने तिची चव कधी घेतली? ती वस्तूच अशी होती, की जिभेला चुकवून घशाखाली ढकलावी. त्याला चव नको होती. त्याला कर्जाची, पावसाची, स्वतःची आठवण नको होती. मी त्या दिवशी नाशिकला जे केले ते याच्या नेमके उलटे होते. त्या घोटात मला एक साल आठवले, एक रांग आठवली, आणि त्या रांगेतला तुमचा माणूस आठवला. तो विसरण्यासाठी पीत होता. मी चाखले, आणि विसरलेले आठवत गेले. ‘तुमीबी?’ म्हणून विचारलेत. नाही बाई. मी तसा नाही. पण तुम्ही विचारलेत हे फार चांगले केलेत, कारण विचारणारे कोणी नसते तर माझाही पाऊण तास हळूहळू सवय झाला असता.

तुमच्या मुलाने त्या दिवशी पाच पदार्थांपैकी मेथीच्या पानापुढे काय लिहिले, ते मात्र तुम्हाला सांगायचे राहिले. चाळीस कागदांत त्याचाच वेगळा होता. लिहिले होते: ‘आधी कडू, थुंकावे वाटले, थांबलो, मग बरे लागले.’ मी त्याला पैकीच्या पैकी दिले. थांबता येणे आणि थुंकता येणे, दोन्ही त्याला येते. बाकीचे आम्ही शाळेत शिकवू.